दोन मिन्टवाला उस्ताद

घुग्घुसमध्ये आमच्या उस्तादाला त्याच्या पाठीमागे सगळे ‘दोन मिन्टवाला’ म्हणायचे. मोबाईलवर एमएमएची, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या खेळाची, कुठलीही लढत चालू असो, जाळीच्या पिंजऱ्यात जगज्जेता का उभा असेना, हा माणूस तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायचा आणि निकाल द्यायचा, “आमच्या टाइमचा पठ्ठ्या समोर राह्यला असता, तर दोन मिन्टं. तिसरं मिन्ट नाई.”

चार वर्षं मी त्याच्या हाताखाली शिकले. त्या वेळी तो आम्हाला देव वाटायचा. आज आठवला की डोकं तापतं, आणि त्याच्याबद्दल गोडगोड लिहिणं माझ्याच्यानं होणार नाही.

सिमेंटच्या कारखान्यातली ड्युटी संपली की तो एका बंद पडलेल्या गोदामात आम्हाला शिकवायचा. गाद्या घ्यायच्या नाहीत हा त्याचा नियम. सावली तालुक्यातून धानाचं तणस आणायचं, जमिनीवर अंथरायचं आणि वर ट्रकची जुनी ताडपत्री ताणायची. त्यावर पडलं की कोपरं सोलून निघायची. कुणी गादीचं नाव काढलं तर, “गादी झोपाले असते.” खाली पडल्यावर निसटायचं कसं, असं विचारलं तर, “खाली पडतोच काऊन?” संपला धडा.

तरुणपणी तो मुंबईकडे तीन लढती लढला होता. तेव्हा हातमोजे नसत, वजनगट नसत. त्याला छाती लागायची, हे मी नाकारत नाही. त्यातल्या एका लढतीची फीत तो आम्हाला पुन्हापुन्हा दाखवायचा. सुरुवातीला आम्ही आ वासून बघायचो. पुढे मला त्यातलं दिसायला लागलं. दोघांच्याही हनुवट्या उघड्या, लाथ आली तरी पाय तिथेच रोवलेला, एकाला फक्त कुस्ती येते आणि दुसऱ्याला फक्त कराटे. आज जिल्ह्याच्या स्पर्धेतली मुलंही दोन्ही शिकून येतात. ती माणसं आज जन्मली असती तर हे सगळं शिकली असती, कदाचित भारीही ठरली असती. पण त्या फितीतून उचलून तशीच आजच्या पिंजऱ्यात सोडली, तर जेमतेम पहिली फेरी टिकतील. मी हे एकदा तोंडावर बोलले, तर उस्तादाने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला.

त्याचा सगळ्यात मोठा तोरा टॅपवरून होता. हात किंवा मान अशी अडकली की सुटका नाही, तर समोरच्याच्या अंगावर टपटप करायचं. म्हणजे हरलो, सोड. सगळीकडे हे पहिल्याच दिवशी शिकवतात. आमच्याकडे त्याला बंदी. “हात गेला तरी चालते, टॅप नाई करायचा. आम्ही कधी केला नाई.” आम्हाला ते शौर्य वाटायचं. अक्कल नव्हती, दुसरं काय.

नागपूरच्या निवड स्पर्धेत समोरच्या मुलीने माझा उजवा हात मांड्यांमध्ये पकडला. ताणता ताणता तो सरळ झाला, आणि मग सरळच्याही पुढे जायला लागला. डावा हात मोकळा होता. उस्ताद बाहेरून ओरडत होता, “टॅप नको करू पोरी!” मी नाही केला. पंच मध्ये पडेपर्यंत कोपरातून आवाज आला होता.

दवाखान्यात तो माझ्या बाबांना म्हणाला, “भाऊ, पोरगी वाघीण आहे तुमची.” बाबा खाणीत डंपर चालवतात, आवाज कधी चढवत नाहीत. ते म्हणाले, “वाघिणीचा हात तोंडापर्यंत जाऊन नाई राह्यला. आता तुमी निघा.” माझं लढणं तिथेच संपलं.

वर्षभराने मी गोदामात गेले ती भांडायलाच. सिंदेवाहीचा शुभम नावाचा मुलगा तिथे सरावाला आला होता. तो नागपुरात नव्या पद्धतीने शिकलेला. उस्ताद त्यालाही दोन मिन्टांचंच ऐकवत होता. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “मंग दाखवा ना, उस्ताद. आत्ता.” त्याचं वय पन्नाशीच्या पुढचं. ही बरोबरीची लढत नव्हती, मला ठाऊक होतं. मला बरोबरी नकोच होती.

उस्तादाचा पहिला ठोसा हवेत गेला. शुभम त्याच्या पाठीमागे गेला, त्याला खाली बसवलं आणि मानेभोवती हात आवळला. मी मनात म्हणत होते, सोडू नकोस, होऊ दे बेशुद्ध. आता कळू दे याला.

उस्तादाने टॅप केला. लगेच. शुभमच्या दंडावर, हलकेच, तीनदा. नवखा माणूस घाबरून कुठेही हात आपटतो. हा हात सवयीचा होता. मी चार वर्षं पिंजऱ्याच्या आसपास काढली आहेत, मला तेवढं कळतं.

“हे कुठी शिकले, उस्ताद?” मी विचारलं.

तो ताडपत्रीवर बसूनच गळा चोळत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “सारेच करत होतो पोरी. सांगत नोहतो.”

त्याने माफी मागितली नाही. मागितली असती तरी मी दिली नसती. त्या दिवसानंतर मी गोदामाची पायरी चढले नाही.

आता मी चंद्रपुरात मुलींना शिकवते. मूठ कशी वळायची ते दुसऱ्या दिवशी. पहिला दिवस सगळा एकमेकींच्या खांद्यावर टॅप करण्यात जातो. पोरी कंटाळतात, खिदळतात. एखादी विचारतेसुद्धा, “बाई, हराले काऊन शिकवून राह्यल्या?” मी तिला नीट समजावून सांगते. मग हमखास पुढचा प्रश्न येतो, तुमचे उस्ताद कोण होते? त्याचं नाव मी अजून एकीलाही सांगितलेलं नाही.