सुरूच्या वाळूतलं गोडं पाणी

आत्माराम खलाशी चिक्कू होता, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी त्याचं कौतुक करायला लागलो तर कोणी मला भाबडा म्हणायला नको. बावीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस. तिथे गोडं पाणी मापून मिळायचं, म्हणून घरी पाहुण्यालासुद्धा हा अर्धाच तांब्या द्यायचा. बायको यमुनाबाई लाजेने मान खाली घालायची.

एकतीस साली तो गुहागरला घरी आला आणि परत जायचं नाही असं त्याच्या मनाने घेतलं. त्याच पावसाळ्यात लाकडाचे व्यापारी भिकाजीशेठ यांनी किनाऱ्यालगतच्या वाळूत सुरूची झाडं लावली. सुरू भराभर वाढतो, सात-आठ वर्षांत जळणाला तयार होतो. पण पहिले दोन उन्हाळे त्याला हाताने पाणी घालावं लागतं. त्या कामावर शेठनी आत्मारामला आणि समुद्रापासून आत असलेल्या पाली गावच्या केरूला ठेवलं. निम्मी रोपं याची, निम्मी त्याची. दोघांना वाळूत एकेक खड्डा, त्यात बूड काढलेलं पिंप बसवलेलं.

केरू मोठ्या मनाचा. रोज दर रोपाला अर्धी कळशी. आत्माराम तिसऱ्या दिवशी पाणी घाली, तेही रोपापासून वीतभर अंतरावर काठीने खोल भोक पाडून, मुळं खाली जावीत म्हणून, दोनच करवंट्या. केरूची रोपं कमरेला लागली. आत्मारामची गुडघ्याशी अडली, तीही तांबूस. गाव पोट धरून हसलं.

होळीला शेठ आले. म्हणाले, "पाडव्यापर्यंत ही सुधारली नाहीत तर तू आपली बोट गाठ."

यमुनाबाईचा धीर सुटला. "अवो, घाला की दोन कळश्या जास्ती! पानी काय तुमच्या गाठीचं जातंय? बावीस वर्सं एकटीनं काढली. आता नाय काढवणार मला."

तोही घाबरला होता. दुसऱ्या दिवशी त्याने कळशी भरली, घोटभर चाखून पाहिली. किंचित मचूळ. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. फार उपसलं की खालचं वर येतं. त्याने कळशी परत पिंपात ओतली आणि दोन दिवस खड्ड्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा गोडं लागलं.

केरूच्या खड्ड्यातलं पाणी तर पार खाली गेलं होतं. पालीकडे विहीर आटली की आणखी खणतात, तसं त्याने दोन हात खणलं. पाणी उसळलं. केरू खूश! न चाखता दिवसभर रोपांना घातलं. चार दिवसांत शेंडे करपले.

आत्माराम गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पण तो धावत गेला, पाणी चाखून थुंकला. "अरे मेल्या, खारं हाय ह्ये! बुजव आधी." आणि आपल्या खड्ड्यातलं गोडं पाणी त्याने दोघांत वाटलं. दर रोपाला एकच करवंटी.

पाडव्याला शेठ आले तेव्हा केरूची निम्मी रोपं वाळली होती. आत्मारामची तांबूसच होती, पण एकही मेलं नव्हतं.

"शेठ, माझी उरलीत ती ह्याच्या पान्यावर," केरूने आपणहून सांगितलं.

शेठनी दोघांनाही ठेवलं. माप मात्र आत्मारामचं. वाळूवर उभ्या यमुनाबाईने सगळ्यांदेखत डोळ्यांना पदर लावला.

वैशाखात बोटीवरून बोलावणं आलं. आत्मारामने शाळेतल्या मास्तरांकडून उत्तर लिहवून घेतलं: माझी जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. मी घरी आहे.