तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय

दर्यापूरचे उत्तमराव कुणाच्या घरी पहिल्या बोलावण्याला जेवायला बसले, असं आजवर घडलेलं नाही. पहिल्यांदा विचारलं की, "नाई नाई, आत्ताच जेवून आलो." दुसऱ्यांदा, "कायले तरास घेता?" तिसऱ्यांदा मात्र असे जेवतात की वाढणाऱ्याची कंबर धरते. भाजीचा मळा करणारा सरळ माणूस. पहिल्या झटक्याला हो म्हणणारा हावरट आणि तिसऱ्यांदा न विचारणारा चिक्कू, एवढी दोनच माणसं त्यांना नापसंत.

त्यांची मुलगी दामिनी सात वर्षं बाहेर राहून स्वयंपाक शिकली आणि अमरावतीत तिने बारा खुर्च्यांचं फ्रेंच धाटणीचं हॉटेल काढलं. "आमची पोरगी सैपाकीण झाली," असं उत्तमराव सांगत, तेही न हसता. म्हणून तिने बापाला जेवायला बोलावलं. त्यांनी एकदा मनापासून 'बरं झालं' म्हणावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

ती आत भट्टीशी. बाहेर वाढायला सुगत. पाहुणा नको म्हणाला की मागे लागायचं नाही, हे दामिनीने त्याला पढवून ठेवलेलं.

"सर, कांद्याचं सूप."

"राहू द्या."

सुगतने वाटी उचलली आणि गेला. उत्तमराव दाराकडे बघत बसले. वाटी काही परत आली नाही.

वाइनचं मात्र उलटं. सुगत ती विद्या नाशिककडे शिकून आलेला. बाटली हातात आली की त्याला पढवलेलं काही आठवत नसे. "ही पांढरी घ्या सर, सूपसोबतची."

"नाई."

"घोटभर?"

"नाई बा!"

"मॅडमनी खास निवडली तुमच्यासाठी."

तिसऱ्यांदा विचारलं म्हटल्यावर इलाज नव्हता. गूळ घालायचा राहून गेलेल्या आमसुलाच्या पाण्यासारखी लागली. मग मशरूमची बशी आली, "कायले तरास" म्हणताच गेली. तिच्या जोडीची गुलाबी वाइन तेवढी आग्रहाने मुक्कामाला राहिली.

समोर दोन पेले, पोटात काही नाही. उत्तमरावांना कळेना, हे कसलं जेवण? प्यायचा आग्रह आणि खायचं कुणी विचारत नाही! अशानं पोरीचं हॉटेल चालणार कसं?

आत दामिनीला कळेना, बाबांच्या बशा न शिवता परत काहून येतात. वांग्याच्या चकत्यांचीही बशी तशीच परतली, तेव्हा ती हात पुसत बाहेर आली. डोळे भरलेले.

"बाबा, काहीच नाई आवडलं तुमाले?"

"आवडाले मी खाल्लं कधी? दुसऱ्यांदा विचारते कोण इथं?"

दामिनीने कपाळावर हात मारला; मागे लागायचं नाही हे सुगतला तिनेच पढवलं होतं. मग तिने वांगी गरम करून आणली आणि समोर बसली.

"घ्या बाबा."

"राहू दे."

"थोडं घ्या ना."

"कायले..."

"घेता का मी भरवू?"

उत्तमरावांनी घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग मान वर केलीच नाही. बशी पावाने पुसून झाली आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न विचारता, ते म्हणाले, "अजून हाय का?"

"नाई, संपलं. बारा खुर्च्या, म्हणून बाराच बशा करतो आम्ही."

जन्मभर दुसऱ्यांना नाही म्हणणाऱ्या माणसाला नाही ऐकायची सवय कुठली? तो तरी आग्रह करील, म्हणून ते सुगतकडे बघू लागले.

दामिनी मात्र भट्टीकडे पळाली होती. आतून तिचा आवाज आला, "ऐकलं का रे सगळ्यांनी? बाबांनी आपणहून मागितलं!"