माझी लेक तिच्या मांडीवर

लग्न होऊन मी नवापूरच्या डोंगराकडच्या या गावात आले, तेव्हा सासूबाईंबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की त्या रविवार चुकवत नाहीत. पाऊस असो, भाताची लावणी असो, उपासनेला त्या पुढच्या चटईवर बसलेल्या असायच्याच. माझं माहेरही ख्रिस्तीच. धर्म म्हणजे रविवार, नाताळ आणि जेवणाआधीची प्रार्थना, हे मी घरूनच शिकून आले होते. बाकीचं मला सासूबाईंनी शिकवलं, तेही न सांगता.

वरच्या पाड्यावर एक विधवा एकटी राहायची. आमच्या चर्चच्या मंडळीतली नव्हे, याहामोगी देवीला मानणारी. तिला सगळे मावशी म्हणत. एका पावसाळ्यात तिच्या शेजारचं मूल उलटी-जुलाबाने गेलं आणि कुणीतरी बोललं, मावशीची नजर लागली. तिच्या दिरांचा तिच्या शेतावर डोळा होता, त्यांनी ते बोलणं वाढवत नेलं. थोड्याच दिवसांत तिला लोक उघड डाकीण म्हणू लागले. ती हातपंपावर आली की बाया हंडे उचलून निघून जात.

एका सकाळी कळलं, तिच्या घरावर दगड पडले, कौलं फुटली. सासूबाई चुलीपुढून उठल्या.

"मी तिला घेऊन येते."

"आई, गाव काय म्हणेल?" माझा नवरा म्हणाला.

"म्हणेलच. तू पडवीत खाट टाक."

मला तेव्हा सातवा महिना होता. मी मागच्या दारी जाऊन रडले. सासूबाई माझ्या मागे आल्या आणि शेजारी बसल्या.

"भीती वाटते ना? मलाही वाटते. लहानपणापासून हेच ऐकत आलो आपण, ते असं लगेच जात नाही. पण ती तिथे एकटी मेली, तर मी कोणत्या तोंडाने प्रार्थनेला बसू?"

दुपारी मावशी आली. हातात एक गाठोडं आणि बगलेत कोंबडी. सासूबाईंनी तिला आमच्यासोबत जेवायला बसवलं आणि आपल्या ताटातली नागलीची अर्धी भाकर तिच्या ताटात ठेवली. संध्याकाळी आमच्या चर्चच्या पाळकांना सोबत घेऊन त्या पोलीस पाटलाकडे गेल्या. असं कुणाला डाकीण म्हणणं गुन्हा आहे, हे पाळकांनी तिथे शांतपणे सांगितलं. दगड थांबले. बोलणं मात्र थांबलं नाही.

त्या वर्षी आमच्या लावणीला गावातून कुणी आलं नाही. आमच्याकडे एकमेकांच्या शेतात जायची रीत आहे, ती आमच्यापुरती बंद झाली. मंडळीतल्याही काही बाया चर्चमध्ये आमच्यापासून सरकून बसत. सासूबाई, माझा नवरा आणि मावशी असे तिघेच चिखलात वाकलेले मी बांधावरून पाहत होते. तिसऱ्या दिवशी पाळकांची बायको आली. साडीचा काचा मारून ती रोपांची जुडी घेऊन खाचरात उतरली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. त्यांचे ते चिखलाने भरलेले पाय आठवले की आजही माझा ऊर भरून येतो.

मुलगी झाली. मावशी तिला आपणहून कधी हात लावत नसे. सासूबाई बळेच तिच्याकडे द्यायच्या, तेव्हा घ्यायची. मुलगी चार महिन्यांची असताना तिला ताप भरला. त्या सकाळी सासूबाईंनी तिला मावशीकडेच दिलं होतं. मावशी धावत माझ्याकडे आली.

"पोर दूध ओढत नाही. आत्ताच दवाखान्यात जा. मी येत नाही, लोक बोलतील."

रिक्षा करून आम्ही नवापूरला गेलो. न्यूमोनिया निघाला. तिथल्या खाटेवर बाळाला कवटाळून बसले होते, तेव्हा गावातलं सगळं बोलणं माझ्या कानात घुमत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लवकर आणलंत, म्हणून बरं झालं." लवकर कुणामुळे, ते मला माहीत होतं. मी डोळे मिटून देवबापाचे आभार मानले आणि त्या प्रार्थनेत पहिल्यांदा मावशीचं नाव घेतलं.

मुलगी बरी झाल्यावर आम्ही घरी परतलो, तर अंगणात शेजारच्या बाया जमलेल्या. बाळाला बघायला आल्या होत्या, आणि मावशीलाही. ती लांब गोठ्याच्या कुडाला टेकून उभी होती. सासूबाईंनी बाळासाठी हात पुढे केले. मी त्यांच्या पुढून गोठ्याकडे गेले.

"बस ना मावशी. हिला धर, माझे हात दुखले."

ती मटकन खाली बसली. मी लेकीला तिच्या मांडीवर ठेवलं. मावशी मान खाली घालून बाळाच्या तळपायावरून बोट फिरवत राहिली.

तुरीचे दिवस आले. एका दुपारी, जिचं मूल गेलं होतं ती बाई आमच्या ओट्यावर आली. मावशी शेंगा सोलत होती. ती मावशीच्या शेजारी बसली आणि सुपातल्या शेंगा सोलू लागली. मग ती म्हणाली, "माझंही असंच दूध ओढत नव्हतं. मला कुणी सांगितलंच नाही." मावशीने हातातली शेंग टाकली आणि तिला जवळ घेतलं.

सगळं गाव बदललं असं नाही. दीर अजून तोंड फिरवतात, पण शेत मावशीकडेच आहे आणि लावणीला आता माणसं येतात. मावशी अजून याहामोगीलाच मानते. मध्यंतरी मंडळीतल्या एकाने सासूबाईंना विचारलं, "तिचा बाप्तिस्मा कधी?" त्या म्हणाल्या, "मी तिला घर दिलं, अट नाही घातली."

या दोघींच्या घरात मला आणून बसवल्याबद्दल मी रोज देवाचे उपकार मानते. आज माझी लेक शाळेत जाते. सकाळी तिची वेणी कोणी घालायची, यावरून दोघी म्हाताऱ्या भांडतात.