भवानी पेठेतून दादर स्लो

काही महिन्यांपूर्वीपर्यंत मी रोज सकाळी भवानी पेठेतल्या माझ्या स्वयंपाकघरातून डोंबिवली ते दादर प्रवास करायचो. बनियनवर, फुकट आणि ऐसपैस बसून. मुलुंडला चहा उकळायचा, कुर्ल्याला मी तो गाळायचो.

गाडीत खरी बसलेली असायची माझी मुलगी. खोली डोंबिवलीला, नोकरी दादरला. डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकी मिळाली की ती कानात इअरफोन घालायची आणि मला फोन लावायची. तिची आई गेल्यापासून घरात मी एकटा. माझ्यासारख्या बोलघेवड्याला दिवसभर कुणी ऐकणारं नाही म्हणजे काय हाल, विचारू नका. सगळं साठवून ठेवायचो आणि सकाळी तिच्यावर सोडायचो. मधेच हातातली पळी माइकसारखी धरून, रेल्वेतल्या बाईचा गोड आवाज काढून जाहीर करायचो, "पुढील स्टेशन, कळवा!" समोरच्या घरातली खिडकी धाडकन बंद व्हायची. तिकडे पोरगी खिदळायची.

फक्त एक अडचण होती. फास्ट गाडी लवकर पोचते. लवकर पोचणारी गाडी मला कशी आवडणार? मग मी स्लो गाडीची वकिली सुरू केली.

"फास्टला धक्के लई बसतात. तुझी पाठ दुखते की."

"स्लोला जास्त वेळ लागतो ओ आप्पा."

"लागू दे. वारा लागतो, जीव शांत राहतो. आणि बिचाऱ्या नाहूरला काय वाटेल? फास्ट तिथं थांबतसुद्धा नाही."

ती स्लोनेच जाऊ लागली. नाहूर, भांडुप, कांजूर, मी एकही स्टेशन गाळू दिलं नाही. पोरगी त्यासाठी पहाटे उठत होती, हे मला कळत होतं. कळून मी दुसरी गोष्ट सुरू करत होतो.

एका सकाळी तिनं मला विद्याविहारला अडवलं. "आप्पा, थांबा जरा. दादरलाच खोली मिळाली. ऑफिसातली मैत्रीण आणि मी. आता चालत जायचं."

"वा! झोप पुरी होईल."

"होईल."

"पाठ दुखायची थांबेल."

"थांबेल की."

मी खूप मोठ्यानं अभिनंदन केलं. एवढ्या मोठ्यानं की माझं मलाच शंकास्पद वाटलं. मग ती म्हणाली, "तुमची स्लो गाडी बंद झाली की ओ."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासनं. म्हणे फास्टला धक्के बसतात!"

आम्ही दोघंही हसलो. सायन, माटुंगा केव्हा गेलं कळलं नाही.

आता ती चालता चालता फोन करते. मी तिच्या खोलीजवळच्या बागेला वळसा घालून जायचं सुचवून पाहिलं. "आप्पा, बाग उलट्या दिशेला आहे," ती म्हणाली. संध्याकाळी तिला मैत्रिणी असतात, असाव्यातच. आवाजातला थकवा गेलाय. हे मी आधी ऐकतो आणि मग बोलायला लागतो.

काल तिला सांगत होतो, मी चुकून शेजारच्या कार्यालयातल्या लग्नात कसा शिरलो. जेवलो, आहेरही देऊन टाकला. तेवढ्यात कुणीतरी मला नवरीचा मामा समजून फेटा बांधला, इथवर आलो आणि ती म्हणाली, "पोचले ओ. ठेवते."

फोन ओट्यावर ठेवला. गोष्ट तर ऐन रंगात आलेली. मग उठून उभा राहिलो, टॉवेलचा फेटा केला, आणि खरा मामा आल्यावर मंडपात काय गोंधळ उडाला ते हातवारे करून, सगळ्यांचे आवाज काढून, शेवटपर्यंत सांगितलं. छान जमली. शेवटच्या वाक्यानंतर क्षणभर थांबायची मला सवय आहे, समोरच्याला हसायला वेळ द्यावा लागतो म्हणून.

थांबलो.