रिंग चांगली होती

नुसता कॅमेरा दुरुस्तीला आणला, की रिंगचाचा त्याला हातसुद्धा लावत नसत. "लेन्स कुठाय? फ्लॅश कुठाय? बॅटरी कोनती घालतो? जा, आख्खं बिऱ्हाड घिऊन ये," म्हणून गिऱ्हाइकाला आल्या पावली परत पाठवायचे. मग तो नगरातला असो, नाहीतर जामखेडहून एसटीत उभ्यानं आलेला. "कॅमेरा एकला आजारी पडत न्हाई. घरात कुनाशी तरी त्याचं जमत नसतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मलाही पहिल्यांदा त्यांनी तसंच राहुरीला परत धाडलं होतं. माझं डोकं असं फिरलं होतं, की विचारू नका. कसला डोंबलाचा कारागीर, म्हणत मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून दहा मिनिटं बडबडलो होतो.

माळीवाडा स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, अर्ध्या जागेत लेथ मशीन आणि उरलेल्या अर्ध्यात ते. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर बसत नाही. मधे एक कडं लावावं लागतं. ते कडं, म्हणजे रिंग, चाचा ॲल्युमिनियममधून स्वतः कातून द्यायचे. पण त्याआधी खोड शोधायचे. तो जामखेडचा फोटोग्राफर दुसऱ्या खेपेला सगळी बॅग घेऊन आला. 'लेन्सशी संपर्क होत नाही' असं त्याचा कॅमेरा सारखा सांगायचा. शोरूमवाल्यांनी त्याला लेन्स बदलायला लावली, तरी तेच. चाचांनी एकेक वस्तू काढली, लावली, काढली. शेवटी कॅमेऱ्याखाली लावायची बॅटरीची ग्रिप काढून बाजूला ठेवली, आणि कॅमेरा मुकाट्यानं चालू लागला. "ही भांडन लावती बग," चाचा म्हणाले. नवी लेन्स गळ्यात मारणाऱ्या शोरूमवाल्यांना त्यांनी ज्या शिव्या घातल्या, त्या इथं लिहिता येणार नाहीत. पण त्यातली एकही जास्तीची नव्हती.

चाचा स्वतःही काही कमी तापट नव्हते. लेन्सच्या मागं सोनेरी टिकल्या असतात, त्यांच्यातून लेन्स आणि कॅमेरा एकमेकांशी बोलतात. एकदा माझ्या लेन्सच्या टिकल्यांवर हळद निघाली. मलमलच्या फडक्यावरचा पिवळा डाग माझ्या नाकासमोर धरून ते ओरडले, "हळदीच्या मांडवात लेन्स बदलतोस? नवरी हायेस का तू? आधी पुसायचं, मग बोलायचं!" दुकानात बसलेले सगळे हसले. मी चिडलो, आणि त्या दिवसापासून आजवर हळदीत लेन्स बदललेली नाही.

रिंग तयार झाली की ते गच्चीवर न्यायचे. कॅमेऱ्यात लांबवरचा चांदबीबी महाल धरायचे. रिंग केसभर जाड झाली तर लांबचं स्वच्छ दिसत नाही, म्हणून महालाच्या कमानी स्पष्ट दिसल्याशिवाय रिंग पास नाही. वडिलांची जुनी लेन्स माझ्या नव्या कॅमेऱ्यावर बसवायला त्यांनी तीन रिंगा केल्या. पहिल्या दोन स्वतःच भंगारात फेकल्या. तिसरी दिली तेव्हा कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन एक सेटिंग चालू केलं आणि मला बजावलं, "ह्या लेन्सला टिकल्या न्हाईत. कॅमेऱ्याला वाटतं, लेन्सच लावली न्हाई. म्हनून हे चालू ठेवायचं. कदी रिसेट मारलंस तर आधी हे परत चालू कर. ध्यानात ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल की चाचा," मी म्हणालो. शहाणा ना मी!

घोडेगावला एक लग्न होतं. सकाळी मेनूत काहीतरी अडकलं म्हणून मी सगळं रिसेट मारलं, आणि तसाच स्टेजवर गेलो. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, मी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर अक्षरं, 'लेन्स लावलेली नाही.' सकाळपासून ज्यावर काम चाललं होतं तो माझा दुसरा कॅमेरा खाली व्हिडिओवाल्याकडे. हार घालून झाले, अक्षता पडून झाल्या. नवरीचा बाप सगळ्यांदेखत ओरडला, "आवो फोटोवाले, झोपलात व्हय?" तेव्हा मी काय केलं? माझं तोंड वाचवलं. "नगरच्या त्या रिंगवाल्यानं घात केला," असं मोठ्यानं म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मांडवातूनच जिल्ह्याच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर रागारागानं आवाजी मेसेज टाकला: चाचाची रिंग कुणी वापरू नका, आयत्या वेळी दगा देते.

आणि आमचा तो ग्रुप! ज्यांच्या बॅगेत चाचांच्या दोन-दोन रिंगा होत्या, ज्यांचे बंद पडलेले कॅमेरे त्यांनी चालू करून दिले होते, ते सगळे एका दिवसात कंपनीच्या मालाचे भक्त झाले. "मला आधीच शंका होती," म्हणे! कसली शंका, मेल्यांनो? कंपनीच्या रिंगा विकणाऱ्या एका दुकानदारानं तर लोकल रिंगनं कॅमेरा जळतो अशी अफवा सोडून दिली. कुणी उलटून एक शब्द विचारला नाही. गल्लीत जाणं बंद केलं, बस्स.

चाचांचा फोन आला. ओरडले नाहीत. "आख्खं बिऱ्हाड घिऊन ये," एवढंच म्हणाले. मी पंधरा दिवसांनी गेलो. त्यांनी रिंग बघितलीच नाही. थेट मेनू उघडला, ते सेटिंग मला दाखवलं. बंद होतं. चालू केलं आणि कॅमेरा माझ्या तोंडावर धरून बटण दाबलं. खट्ट.

"रिसेट मारलं हुतंस?"

मी मान डोलावली.

"रिंग माझी, चूक तुझी. मानूस चुकतो, त्याला माझं काय म्हननं न्हाई. पर आता ग्रुपवर तसं सांग. लोक माझ्या रिंगला नावं ठेवतात रे. चाळीस वर्सं झाली, असं कुनी म्हनलं न्हवतं."

"आजच सांगतो चाचा."

नाही सांगितलं. लग्नसराई तोंडावर होती. माझीच चूक होती असं लिहिलं तर मला कोण बोलावणार, हा हिशेब केला. महिन्याभरानं चाचांनी फोन करून विचारलं, "लिव्हलं का?" मी म्हणालो, "लिहितोय." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुढं एकदा गल्लीतून जाताना लेथवर पोतं टाकलेलं दिसलं. चाचा बाहेर स्टुलावर बसून होते. मी गाडी थांबवली नाही. स्वतःचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तरीही मी ॲक्सिलेटर पिळला.

परवा सकाळी ग्रुपवर चाचांचा फोटो आला. मोबाईलवर काढलेला, हललेला. एवढे फोटोग्राफर जिल्ह्यात, पण त्या माणसाचा एक धड फोटो कुणाकडे नव्हता. माझ्याकडेही नाही. खाली रांग लागली होती: भावपूर्ण श्रद्धांजली, देवमाणूस गेला, नगरचा हिरा हरपला. तेच ते शंकावाले! मी लिहिलं, "घोडेगावच्या लग्नात चाचांची रिंग चांगली होती. मी रिसेट मारून सेटिंग चालू करायला विसरलो होतो. चाचांनी मला ते दाखवलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही." आणि पाठवून दिलं.

कुणी काही विचारलं नाही. खाली पुन्हा भावपूर्ण श्रद्धांजली सुरू झाली, आणि चार-पाच जणांनी, न वाचताच, माझ्या मेसेजलाही हात जोडले.