सिरोंच्याहून आणलेल्या तीन सुऱ्या

आधी चहा संपवा, मग सांगतो. हसताना कुणाच्या नाकातून चहा आला तर तेही माझ्याच नावावर जाईल, आणि माझ्या फजितींच्या खात्यात आता जागा उरलेली नाही.

गोष्ट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची असेल. आठवीतून शाळा सोडून मी सिंदेवाहीहून वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरला आलो होतो आणि देवरावभाऊंच्या खानावळीत कांदे चिरत होतो. तेही महिनाभराच्या बोलीवर. जमलं तर ठेवणार, नाही तर घरी. आणि माझं जमतंय असं भाऊंच्या चेहऱ्यावरून कधीच वाटत नव्हतं. त्यात मी तोंडाचा मुका! कुणी काही विचारलं की नुसती मान हलवायचो. ती होकाराची की नकाराची, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

भाऊंचा उजवा अंगठा अर्धाच होता. त्यामुळे बाजारची सुरी त्यांच्या हातात फिरायची. त्यांना हव्या होत्या सिरोंच्याच्या मल्लय्या लोहाराच्या सुऱ्या. हा मल्लय्या म्हणे ट्रकच्या कमानीच्या पट्टीतून पातं घडवायचा आणि मूठ ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाची बसवायचा. पण भाऊ खानावळ सोडून जाणार कसे? त्यांनी घट्ट कणीक मळली, मुठीत गच्च आवळली आणि तो गोळा उन्हात वाळवला. अर्ध्या अंगठ्याचा खळगा, चार बोटांच्या खाचा, सगळं त्यात उमटलं.

"हे त्याले दे," भाऊ म्हणाले. "तीन सुऱ्या. कांद्याची, मटनाची, मासोळीची. रविवारी साहेबाच्या पोरीच्या लग्नाची पंगत हाय. त्याच्या आंधी सुऱ्या इथी पायजे. नाई आनल्या त मंग वापस येऊच नको, तसाच घरी जा. समजलं?"

मी मान हलवली.

बुधवारी निघालो. आलापल्लीला गाडी बदलली. सगळा रस्ता तो कणकेचा गोळा मांडीवर! खड्डा आला की गोळ्याआधी माझा जीव वर उडायचा. गोळा फुटला म्हणजे नोकरी फुटली.

गुरुवारी सकाळी मल्लय्याच्या दारात उभा राहिलो. नदीकाठी झोपडी, दारात भट्टी. म्हाताऱ्याला मराठीचा गंध नाही, मला तेलुगूचा नाही. पण त्यानं तो गोळा हातात घेतला, अंगठ्याच्या खळग्यात आपला अंगठा घातला, आणि असा हसला की जणू भाऊच समोर येऊन बसले. मी तीन बोटं दाखवली. भाऊंनी कापून दिलेले पुठ्ठ्याचे तीन आकार मांडले. सगळं कसं सुरळीत!

मग मी विचारलं, "कवा भेटन?" आणि सूर्याकडे बोट दाखवून हात गोल फिरवला.

म्हाताऱ्याच्या एका हातात सांडशी, दुसऱ्यात हातोडा. लोखंडावरची नजर न काढता तो म्हणाला, "येडू."

मी इकडे तिकडे पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं.

ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून पुन्हा हात फिरवला. आता तो ठासून बोलला, "येडू! येडू रोजुलू!"

म्हणजे येडू, आणि तेही रोज! अहो, मी येडा असेन, मी नाही कुठं म्हणतो? पण पहिल्या भेटीत? दोनशे किलोमीटर दूरच्या माणसाला हे कळावं कसं?

तेवढ्यात झोपडीतून त्याची म्हातारी बाहेर आली. तिनं काही तरी विचारलं. त्यानं माझ्याकडे हनुवटी करून पुन्हा तेच सांगितलं. तिनं मला वरून खाली न्याहाळलं आणि गालाला हात लावला, "अय्यो पापम!"

झालं! येडू तर होतोच, आता पापीही झालो.

काय झालं कुणास ठाऊक, पण जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "येडू नाई! म्या येडू नाई!"

म्हाताऱ्यानं हातोडा थांबवला. जरा विचार करून म्हणाला, "आरू?"

आरू म्हणजे काय ते कळलं नाही, पण चांगलं नक्कीच नसणार. "नाई!"

"अयदू?"

ऐदी! कांदे चिरून चिरून माझी बोटं सोलली होती हो! "नाई!"

म्हाताऱ्याचा चेहरा तापायला लागला. "नालुगू?"

हे तर सरळ नालायक. "नाई!"

"मूडू!"

मूढ. "नाई, नाई!" माझा आवाज आता रडवेला झाला होता.

"रेंडू!!"

आता रेडा! माणसानं किती ऐकून घ्यायचं? मी डोळे पुसत मान हलवली.

तसा म्हातारा ताडकन उठला, हातोडा वर केला आणि ओरडला, "ओकटी!"

वर उचललेल्या हातोड्याखाली कोण नाई म्हणणार? मी गप्प बसलो. तर म्हाताऱ्यानं घरात हाक मारली. दोन धिप्पाड मुलं धावत बाहेर आली. एक भात्याला बसला, दुसऱ्यानं घण घेतला, आणि तिघे मिळून असे काही लोखंडावर तुटून पडले की ठिणग्या माझ्या चपलेपर्यंत! आणि मधूनमधून तिघेही माझ्याकडे रागानं पाहत होते.

आता तुम्हीच सांगा, एखाद्या घराला तुम्ही चिडवलं, आणि ते सगळं घर तुमच्याकडे बघत बघत सुऱ्या करायला बसलं, तर तुम्हाला काय वाटेल? पळून जावं तर नोकरी जाते. बसावं तर जीव जातो. मी मधला मार्ग काढला. कडुनिंबाच्या झाडामागे जाऊन बसलो. म्हातारीनं मला भात आणून दिला. तोही मी शेवटचा समजून खाल्ला.

दुपार कलल्यावर एक डोंगेवाला आपला गळ ठोकून घ्यायला आला. त्याला दोन्ही भाषा येत होत्या. मी त्याचा हात धरला. "भाऊ, हे लोक मले काऊन शिव्या देऊन राह्यले? म्या काय केलं?"

त्यानं म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा घाम पुसत बराच वेळ बोलला. आणि डोंगेवाला हसत हसत खालीच बसला.

"अरे बाबू, येडू म्हंजे सात! सात दिवस लागन म्हने तो. तू नाई म्हनला. सहा म्हनला, तू नाई. पाच, चार, तीन, दोन, तरी नाई! असा घासाघीस करनारा त्यानं जिंदगीत पायला नाई! तुले रडतानी पाऊन म्हातारी म्हने, पोरावर मोठी आफत दिसते, करून द्या एका दिवसात."

"आन पापम?"

"बिचारा, म्हने."

जमीन फाटली असती तर मी आत गेलो असतो.

शुक्रवारी सकाळी तीन सुऱ्या हातात पडल्या. अशा धारेच्या की नुसतं पाहिलं तरी बोट मागे घ्यावं. शनिवारी भाऊंनी मूठ धरली. अर्धा अंगठा खळग्यात बरोबर बसला. भाऊंनी एकदम सहा कांदे चिरले. मग म्हणाले, "सात दिवसाच्या खाली तो म्हातारा कोनाले देत नाई. तू एका दिवसात कसा काय आनला बे?"

खरं सांगायचं होतं हो! पण तोंडातून एवढंच निघालं, "बोललो त्याच्यासंग."

"तेलुगूत?"

मी मान हलवली. आणि भाऊंनी ती होकाराची धरली!

नोकरी पक्की झाली. कांदे सुटले. वीज केंद्रात नवीन आलेले तेलुगू फिटर आमच्याकडे जेवायचे, त्यांच्या पंगतीवर भाऊंनी मला वाढायला उभं केलं आणि स्वतः कौतुक बघायला मागे थांबले. एका फिटरनं प्रेमानं विचारलं, "पिल्ललू येंदरू?"

काय विचारलं देव जाणे! मागे भाऊ उभे. काही तरी बोलणं भाग होतं, आणि माझ्याकडचा सगळ्यात पाठ शब्द एकच. "येडू," मी म्हणालो.

फिटरचा घास हातातच राहिला. त्यानं माझ्या नुकत्याच फुटलेल्या मिशीकडे पाहिलं आणि हळूच पोळी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो गाठोडं घेऊन आला. आत लहान लहान झबली, चड्ड्या, एक फ्रॉक. तेव्हा मला कळलं की त्यानं मुलं किती आहेत ते विचारलं होतं. मी सतरा वर्षांचा, बिनलग्नाचा! पण भाऊ मागेच उभे होते, म्हणून मी दोन्ही हातांनी गाठोडं घेतलं.

"छोटेवाले का नाम क्या?" त्यानं विचारलं.

तेही सांगितलं.