पोळपाटावरचा रेडिओ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ट्रॅक्टरला रेडिओ बसवणं. रेडिओ नवा, लेकीनं पुण्याहून पाठवलेला. बायको म्हणायची, "कडकोळच्या शेतावर जाताना मी बाजूला बसते, तुमच्या तोंडून शब्द फुटत नाही. निदान तो तरी बोलेल."

ट्रॅक्टर माझ्या बापाचा. त्याचा करंट उलटा. आजच्या गाड्यांत बॅटरीचा मायनस बॉडीला असतो, आमच्यात प्लस. मंडी मोहल्ल्यातल्या मेकॅनिकनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. वायरी उलट्या जोडा, आणि रेडिओचा पत्रा ट्रॅक्टरच्या लोखंडाला टेकू देऊ नका, मध्ये लाकूड घाला. मी पहिली तेवढी ऐकली. तिनं दोन्ही ऐकल्या.

भांडी घासता घासता उठली आणि जुना पोळपाट घेऊन आली. "हा घाला खाली."

"ट्रॅक्टरवर पोळ्या लाटतेस काय?"

"अय्यो, सुम्ने, उगाच का ओरडता? तो म्हणाला तेच सांगते."

मी रेडिओ थेट लोखंडालाच आवळला. "बटणावर बोट ठेव, मी बॅटरी जोडतो." वायर टेकवली मात्र, रेडिओची काळी वायर फुलून धूर निघाला. ओढून तोडली. चूक कुणाची ते मला तिथंच कळलं. तरी ओरडलो, "ओला हात लावलास! जाळलास लेकीचा रेडिओ!"

ती पदराला हात पुसत राहिली. कोरडे झाले तरी पुसत होती.

संध्याकाळी चहा ठेवायला उठली आणि गॅसपाशीच पडली. डॉक्टर आला तोवर संपलं होतं.

लेक पहाटे पोचली. आईपाशी बसून रडली. मग म्हणाली, "अप्पा, काल दुपारी तिचा फोन आला होता. म्हणत होती, माझ्या ओल्या हातानं रेडिओ जळाला, तू रागावू नकोस."

मेव्हणा होता, शेजारपाजारचे होते. ओरडायला जन्मभर मी पुढं, पण तेव्हा 'नाही' एवढं म्हणवेना.

उठून मागं ट्रॅक्टरपाशी गेलो. जळाली होती ती नुसती वायर. नवी घातली, रेडिओखाली पोळपाट ठेवला, नायलॉनच्या दोरीनं बांधला. बॅटरी जोडली. मग नळाखाली हात धरला आणि तसाच ठिबकता हात बटणाला लावला.

वाजला. कुणी बाई कन्नडमध्ये भाजीचे भाव सांगत होती. पुढं अंगणात तिरडी बांधत होते, ते सोडून माणसं धावत आली. मेव्हणा ओरडला, "अहो, अक्कल आहे का? बंद करा तो!"

लेक दारात उभी होती. मी हात वर करून तिला दाखवला.

"ओला आहे, बघ. तरी वाजतोय. तिनं नाही जाळला. मी जाळला, आणि तिच्यावर ढकललं."

मग बंद केला.